किती आधार लागतो? : पुनर्वसनातील मोजमापाची प्रस्तावना

पक्षाघाताचा रुग्ण दवाखान्यातून घरी निघतो, तेव्हा घरच्यांच्या मनातले प्रश्न एमआरआयच्या अहवालाने सुटत नाहीत. बाबा आपल्या हाताने जेवतील का? रात्री लघवीला उठले तर कोणी धरावे लागेल का? मावशी बारा तासांची ठेवायची की चोवीस तासांची? पुण्याजवळच्या हिंजवडीत हे प्रश्न फार तातडीचे असतात. इथल्या कितीतरी घरांत नवरा-बायको दोघेही सकाळी कामावर जातात, सासू-सासरे गावाकडून राहायला आलेले असतात आणि शेजारच्या फ्लॅटला दिवसभर कुलूप असते. रोजच्या कामांत रुग्ण किती स्वावलंबी आहे हे मोजण्याचे शास्त्र याच प्रश्नांसाठी उभे राहिले. फिजिओथेरपी, व्यवसायोपचार आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी त्यात यावे, आणि रुग्ण सांभाळणाऱ्या घरच्यांनीही ते समजून घ्यावे, म्हणून ही प्रस्तावना.

हे शास्त्र तसे तरुण आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्ध रुग्णांच्या सहा कामांची सूची मांडली : अंघोळ, कपडे, शौचालयाचा वापर, उठून दुसरीकडे बसणे, मल-मूत्रावर ताबा आणि जेवण. त्यांना एक क्रम दिसला. बरे होताना जेवण आणि ताबा आधी परततात, मग उठणे-बसणे आणि शौचालय, आणि कपडे व अंघोळ सर्वांत शेवटी. लहान मूलही साधारण याच क्रमाने स्वतंत्र होते, हेही त्यांनी नोंदवले. दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी आपला निर्देशांक प्रसिद्ध केला. आज जगभरच्या वॉर्डांत तो वापरला जातो.

आपल्याकडे मात्र या विचाराची पायवाट त्याआधीच पडली होती. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि लग्नानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे प्रशिक्षण सुरू केले. आजार उतरला म्हणजे उपचार संपले असे न मानता रुग्ण पुन्हा आपली कामे करू लागेपर्यंत त्याच्यासोबत राहायचे, हा त्या विद्येचा गाभा. हिंजवडीपासून फार दूर नसलेल्या खडकीत, मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र चालते. तिथे तर एका माणसाच्या पुनर्वसनाचा हिशेब आयुष्यभराचा असतो.

बार्थेल निर्देशांकाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. दहा कामे, एकूण १०० गुण. पण गुणांची वाटणी सारखी नाही. अंघोळ आणि दाढी-वेणी-तोंड धुणे यांना प्रत्येकी ५. जेवण, कपडे, शौचालय, जिना, मलावर ताबा, मूत्रावर ताबा यांना प्रत्येकी १०. खाटेवरून खुर्चीत जाणे आणि सपाटीवर चालणे यांना १५-१५. म्हणजे काम किती महत्त्वाचे यापेक्षा ते जमले नाही तर दुसऱ्या माणसाला किती वेळ आणि किती बळ खर्चावे लागते, त्यावर हे वजन ठरले आहे. माझ्या मते हीच या पट्टीची सर्वांत प्रामाणिक बाजू. ती रुग्णाइतकीच त्याला उचलणाऱ्या हातांचीही नोंद ठेवते.

बेरीज मात्र जपून वाचायला हवी. समजा, कमरेखालचे बळ गेलेला एक तरुण आहे. तो आपल्या हाताने जेवतो, अंघोळ करतो, दाढी करतो, कपडे घालतो, लघवीची पिशवी स्वतः बांधतो आणि रिकामी करतो. शौचाला अधूनमधून अडचण येते, शौचालयात आणि खाटेवरून उतरताना थोडी मदत लागते, व्हीलचेअर तो स्वतः चालवतो, जिना अशक्य. त्याचे गुण होतात ६५. दुसऱ्या आहेत पक्षाघाताने उजवा हात गमावलेल्या आजी. त्या चालतात, मल-मूत्रावर पूर्ण ताबा आहे, उठताना किंचित आधार आणि जिन्यावर सोबत लागते. पण घास कोणीतरी कालवून द्यावा लागतो, वेणी आणि अंघोळ दुसऱ्याच्या हाती, लुगडे नेसताना आणि शौचालयात मदत हवी. त्यांचेही ६५. दोघांच्या घरी लागणारा माणूस वेगळा, वेळ वेगळी, घरात करायचे बदल वेगळे. फाइलवर नुसते ६५ लिहून दहा ओळींचा कागद टाकून देणारा वॉर्ड मोजमापाचा निम्मा उपयोग वाया घालवतो. शिवाय ४० वरून ४५ आणि ९० वरून ९५ या वाढी आकड्यात सारख्या असल्या तरी रुग्णाच्या आयुष्यात सारख्या नसतात. हे गुण पायऱ्या दाखवतात. सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या असतील असे गृहीत धरून सरासऱ्या काढू नयेत.

नवख्याला सर्वांत अवघड जातो तो पुढचा नियम : रुग्ण काय करू शकेल ते लिहायचे नाही, तो प्रत्यक्षात काय करतो ते लिहायचे. कोणी नुसते शेजारी उभे राहून ‘सावकाश, सावकाश’ म्हणत असेल, तरी तो रुग्ण त्या कामात स्वतंत्र धरला जात नाही. काठी, वॉकर किंवा कठडा वापरून एकट्याने जमत असेल तर मात्र तो स्वतंत्र. आपल्या घरांत या नियमाची कसोटी लागते. सुनेला नऊची बस गाठायची असते, सासऱ्यांना शर्ट घालायला वीस मिनिटे लागतात, म्हणून ती दोन मिनिटांत घालून देते. त्यात माया असते, घाईही असते. थेरपीच्या खोलीत जमणारे काम घरी होत नाही, आणि न केलेले काम हळूहळू विसरले जाते. ही तफावत दिसली की दोष सुनेला देऊ नका. सकाळचे वेळापत्रक तिच्यासोबत बसून पुन्हा आखणे हाही उपचाराचाच भाग आहे.

घराचा आकारही गुणांत उतरतो. लिफ्ट असलेल्या टॉवरमधल्या माणसाला जिन्याचे १० गुण कदाचित कधीच कामी येणार नाहीत. माण-मारुंजीच्या बाजूला वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराचे सारे बाहेर जाणे त्यांच्यावरच अडते. कमोडवर सहज बसणारा रुग्ण उकिडवे बसायच्या शौचालयात अडकतो. बादलीतून तांब्याने पाणी घेणे, पाटावरून उठणे, नाडी बांधणे, निऱ्या घालणे, भाकरी मोडून कालवणाशी खाणे, ही आपली खरी परीक्षा आहे. म्हणून प्रश्न मराठी घरातले विचारावेत, पण गुण देण्याचा नियम मात्र जसाच्या तसा ठेवावा. नियम सैल केला तर आपले आकडे इतर कोणाच्या आकड्यांशी ताडून पाहता येत नाहीत.

औद्योगिक पट्ट्यात आणखी एक हिशेब समजून घ्यावा लागतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पॉवर प्रेसखाली बोटे जातात. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गमावल्यास कमाईची क्षमता ३० टक्के घटल्याचे धरले जात असे. त्याच कामगाराचे बार्थेल गुण जखम भरल्यावर १०० असू शकतात : तो जेवतो, चालतो, अंघोळ करतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. त्यातला एक दुसऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला गेला तर अन्याय होतो, आणि तो थांबवण्याची जबाबदारी प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याची आहे. १०० गुण मिळवणारा माणूस एकटा राहू शकेलच असे नाही, स्वयंपाक आणि घरकाम त्याला जमेलच असे नाही, ही मर्यादा खुद्द महोनी आणि बार्थेल यांनीच सांगून ठेवली होती.

ती उणीव भरून काढायला पुढच्या मोजपट्ट्या आल्या. लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये फोन, खरेदी, औषधे, पैशांचा व्यवहार अशी आठ कामे घेतली. त्यातली स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणे ही तीन पुरुषांसाठी मोजलीच जात नसत, आणि आज हे तसेच चालू ठेवण्याचे काहीही कारण नाही. १९८० च्या दशकात आलेल्या ‘फिम’ या पट्टीत १८ बाबी, प्रत्येकीला १ ते ७ गुण. त्यात समजणे, बोलणे, स्मरण, अडचण सोडवणे यांचाही समावेश झाला. संगणकावर काम करणाऱ्या पस्तिशीतल्या रुग्णाच्या बाबतीत या बाबी चालण्याइतक्याच निर्णायक ठरतात.

तुम्ही या कामात येत असाल तर एवढे करा : दाखल करताना, घरी सोडताना आणि घरी गेल्यावर महिन्याभराने, अशी तीनदा नोंद घ्या, आणि तिसरी नोंद शक्यतो रुग्णाच्या घरीच घ्या. एकाच रुग्णाला दोघांनी स्वतंत्रपणे गुण देऊन ते जुळतात का, हे अधूनमधून तपासा. बेरजेसोबत दहाही ओळी घरच्यांच्या हाती द्या, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात.