जे. आर. डी. आणि स्पार्क प्लगची गोष्ट



शनिवारी पॅरापच्या बाजारात लक्सा खाऊन आपण रॉस स्मिथ अव्हेन्यूवरून घरी परततो. हा सरळसोट रस्ता म्हणजे डार्विनच्या जुन्या विमानतळाची धावपट्टी, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. १० डिसेंबर १९१९ रोजी रॉस स्मिथ, त्यांचे बंधू कीथ आणि दोन यंत्रज्ञ इंग्लंडहून कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता असे टप्पे घेत विमानाने येथे फॅनी बेला उतरले. त्यांच्यासाठी उतरण्याची जागा तयार करून घेणारे हडसन फिश पुढच्याच वर्षी क्वांटासचे एक संस्थापक झाले.

त्याच मार्गावर पुढे टपालाची विमाने सुरू झाली. इंग्लंडचे हवाई टपाल १९२९ मध्ये कराचीला आले आणि १९३४ च्या अखेरीस डार्विनमार्गे ऑस्ट्रेलियात पोहोचले. मधल्या काळात कराचीहून हे टपाल आपल्या मुंबईला आणले ते २८ वर्षांच्या एका तरुणाने. त्याचे नाव जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजेच जे. आर. डी.

जे. आर. डीं.चा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसला झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. लहानपणीच विमानाचे वेड लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना. त्यावर क्रमांकच होता १!

१९२९ साली आगाखानांनी बक्षीस लावले. इंग्लंड ते भारत, कोणत्याही दिशेने, एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. जे. आर. डी. कराचीहून निघाले. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीरला त्यांना अस्पी इंजिनिअर हा समोरून येणारा प्रतिस्पर्धी अडकून पडलेला दिसला. वय अवघे सतरा, आणि स्पार्क प्लगवाचून विमान जमिनीवर. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग काढून दिले. अस्पी उडाला, आधी पोहोचला आणि बक्षीस घेऊन गेला. जे. आर. डी. थोडक्यात हरले. हाच अस्पी इंजिनिअर पुढे १९६० मध्ये भारताचा हवाई दल प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी पहाटे कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन जे. आर. डी. एका छोट्या पस मॉथ विमानातून निघाले. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेले पेट्रोल भरले आणि दुपारी ते जुहूला उतरले. तेथून सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल पुढे मद्रासला नेले. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, मग सगळा संसार पुण्याला येरवड्याला हलवावा लागे. अशा अवस्थेतही पहिल्या वर्षी १५५ प्रवासी मिळाले आणि ६० हजार रुपये नफा झाला. या टाटा एअरलाइन्सचीच पुढे एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाले. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. जे. आर. डीं.ना ते पटले नव्हते, तरी पुढची पंचवीस वर्षे त्यांनी विनावेतन अध्यक्षपद सांभाळले.

माणसांची कदर म्हणजे चुका पोटात घालणे, असे मात्र त्यांनी कधी मानले नाही. विमानातून प्रवास करताना ते बारीकसारीक टिपणे काढीत. एकदा त्यांनी लिहिले की, चहाचा रंग कॉफीपासून ओळखू येत नाही! मात्र कामाचा आग्रह धरणारा हा माणूस कामगाराच्या जिवाचीही तेवढीच काळजी करी. त्यांच्या अध्यक्षतेखालील टाटा स्टीलमध्ये १९७९ पासून कामगार घरातून निघाल्यापासून घरी परतेपर्यंत कामावरच आहे असे धरले जाऊ लागले. म्हणजे वाटेत अपघात झाला तरी जबाबदारी कंपनीची. रात्रपाळी करणाऱ्या आपल्या मंडळींना याचे मोल वेगळे सांगायला नको.

फेब्रुवारी १९७८ मध्ये सरकारने त्यांना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केले. त्यांना हे आधी कळले ते सरकारकडून नव्हे, तर त्यांच्या जागी नेमलेल्या गृहस्थांकडून. पण माणसे त्यांना विसरली नाहीत. निषेध म्हणून काही वरिष्ठ अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. जे. आर. डीं.नी कटुता धरली नाही. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी स्वतः विमान चालवून कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले, आणि पुढच्याच वर्षी २९ नोव्हेंबरला जिनिव्हात त्यांचे निधन झाले. एअर इंडिया टाटांकडे परत आली ती २०२२ च्या जानेवारीत. ते पाहायला जे. आर. डी. नव्हते.

आता थोडे आपल्याविषयी. डार्विन लहान गाव. नोकरीची जागा एक आणि अर्ज करणारे आपल्यातलेच दोघे, असे अनेकदा होते. नवीन आलेल्या कुटुंबाला जाहिरात दाखवावी की गप्प बसावे, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला आहे, खोटे कशाला बोलू? अशा वेळी मला अबुकीरचे ते प्लग आठवतात. बक्षीस हुकले म्हणून जे. आर. डी. लहान झाले नाहीत.

पुढच्या शनिवारी रॉस स्मिथ अव्हेन्यूवरून जाताना मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.