वेठ आणि सेवा

माउली, महाद्वारी नामदेव पायरीला माथा टेकला की समोरच चोखोबांची समाधी. शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळली आणि चोखोबा त्याखाली सापडले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या, असे परंपरा सांगते.

गावच्या अशा कामांना माणसे वेठीने धरण्याची रीत होती. श्रम त्यांचे, भिंत गावाची. ही रीत शतकानुशतके टिकली. १९५० मध्ये लागू झालेल्या राज्यघटनेच्या २३व्या कलमाने वेठबिगार निषिद्ध ठरली.

कायद्याने गेली, आपल्या तोंडून गेली का? गवंड्याला आपण म्हणतोच ना, “आलाच आहेस तर एवढा कट्टाही बांधून दे, त्याचे काय पैसे?” वारीत कोणी आपणहून आपल्या फाटक्या वहाणा फुकट शिवून देतो, ती त्याची सेवा. सेवा देणाऱ्याच्या मनातून येते. आपण मागून घेतली की तिची वेठ होते.

म्हणून वाढीव काम सांगताना त्याचे दामही आपणच आधी विचारावे. मग चोखोबांच्या समाधीवर माथा टेकावा.