खुरप्याचा खर्च : कंधारच्या काळ्या रानातील सेंद्रिय मक्याचे गणित

'सेंद्रिय' अशी मोहोर असलेले धान्य शहरातील दुकानात महाग का मिळते, या प्रश्नाचे उत्तर देताना बहुधा शेणखत, गांडूळखत किंवा निंबोळी अर्काचा उल्लेख होतो. शेतकऱ्याच्या वहीत मात्र सर्वांत मोठा आकडा अनेकदा वेगळ्याच रकान्यात असतो. तो रकाना खुरपणीचा. रासायनिक खताला शेणखताचा पर्याय आहे आणि कीटकनाशकाला निंबोळी अर्काचा. तणनाशक बंद केले, की त्याची जागा घेण्यासाठी उरतात ती माणसांची बोटे आणि बैलांचे खांदे.

नांदेड जिल्ह्यातील कंधार तालुका हे गणित समजून घेण्यास सोयीचा आहे. मन्याड नदीचे खोरे, बारूळजवळचा निम्न मानार प्रकल्प, नदीकाठी भारी काळी जमीन आणि बालाघाटच्या उतारावर हलकी मुरमाड राने, अशी या भागाची रचना आहे. खरिपात सोयाबीन व कापूस यांचे राज्य असते, तुरीचे व ज्वारीचे पट्टेही दिसतात. मका हे येथील मुख्य पीक नव्हे. राज्यातील मक्याचे आगर छत्रपती संभाजीनगर, जालना, नाशिक, जळगाव या बाजूला आहे. तथापि इथेनॉलसाठी व कुक्कुटखाद्यासाठी मागणी वाढल्याने अलीकडच्या वर्षांत सोयाबीनवाल्यांचेही लक्ष मक्याकडे वळले आहे.

मका उंच व दांडगा दिसत असला, तरी त्याचे बालपण नाजूक असते. दोन ओळींत ६० ते ७५ सेंटिमीटर अंतर ठेवून पेरलेले हे पीक पहिले तीन-चार आठवडे सावकाश वाढते. त्या मोकळ्या पट्ट्यांत केना, माठ, दुधी, शिंपी आणि घोळ मक्याच्या आधी डोके वर काढतात. हराळी आणि लव्हाळा तर जमिनीखालच्या काड्या-गाठींतून पुनःपुन्हा फुटतात. पेरणीनंतरच्या १५ व्या दिवसापासून साधारण ४५ व्या दिवसापर्यंत रान स्वच्छ राहिले, तर पुढे पिकाची सावलीच तणाला दाबते. हा महिना हातचा गेला, तर नंतरची खुरपणी म्हणजे केवळ समाधान. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातील शास्त्रज्ञांनी १८ राज्यांतील शेतांवरच्या चाचण्यांवरून २०१८ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध केला, त्यानुसार तणांमुळे मक्याचे सरासरी २५ टक्के आणि सोयाबीनचे ३१ टक्के उत्पादन घटते.

रासायनिक शेतीत या महिन्याची तरतूद पेरणीनंतर लगेचच होते. ओल्या जमिनीवर अॅट्राझीन फवारले, की बहुतेक तणांची पहिली पिढी उगवतच नाही. (लव्हाळा त्यालाही फारशी दाद देत नाही, ही गोष्ट वेगळी.) युरोपीय संघाने भूजलातील अंशांच्या कारणावरून या रसायनाला दोन दशकांपूर्वी निरोप दिला, भारतात ते मक्यात व उसात वापरले जाते. सेंद्रिय प्रमाणीकरणात अशा कोणत्याही संश्लेषित तणनाशकाला स्थान नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडून पाहू. मजुरीचे दर गावागणिक व आठवड्यागणिक बदलतात, म्हणून रोजगार हमीचा २०२५-२६ मधील राज्याचा दर, म्हणजे ३१२ रुपये, हाच आधार धरू. तणाने भरलेले एकरभर रान नुसत्या खुरप्याने स्वच्छ करण्यास १५ रोज लागतात असे समजू. एका खुरपणीचे ४,६८० रुपये झाले, दोन खुरपण्यांचे ९,३६०. कोरडवाहू मका एकरी १० क्विंटल पिकला आणि २०२५-२६ च्या २,४०० रुपये हमीभावाने विकला गेला, तर हाती २४,००० रुपये येतात. त्यातील ३९ टक्के रक्कम केवळ तण काढण्यात गेली. बियाणे, नांगरट, काढणी, मळणी यांचा खर्च अद्याप मांडलेलाच नाही.

याच रानात दोन वेळा बैलाचे कोळपे फिरवले, तर चित्र बदलते. ओळींमधले तण कोळप्याने निघते आणि खुरप्यासाठी फक्त झाडांच्या बुडाचे तण उरते. खुरपणीचे रोज १५ वरून सहावर आले आणि कोळपणीचे भाडे एकरी ६०० रुपये धरले, तर दोन्ही पाळ्या मिळून खर्च ४,९४४ रुपये होतो. तणनाशक, फवारणी आणि एक कोळपणी यांस १,५०० रुपये धरल्यास सेंद्रिय शेतकऱ्याचा जादा खर्च ३,४४४ रुपये, म्हणजे क्विंटलमागे सुमारे ३४५ रुपये. केवळ खुरप्यावर विसंबणाऱ्यास हाच फरक क्विंटलमागे ७८६ रुपयांचा पडतो. पहिल्याला बाजारात १४-१५ टक्के अधिक भाव मिळाला, तर तो तणाच्या बाबतीत बरोबरीत येतो; दुसऱ्याला ३३ टक्के हवेत. बैल आहे की नाही, यावर हे दोन आकडे ठरतात.

योगायोग असा, की याच तालुक्याचे नाव धारण करणारी बैलांची जात आहे : लाल कंधारी. गडद तांबडा रंग, मध्यम बांधा, उन्हातान्हात व कमी चाऱ्यावर टिकण्याची ताकद यांसाठी ती नावाजलेली आहे. शेजारच्या लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत या जनावरांचे देखणे नमुने आजही पाहायला मिळतात. पण यात्रेत बैल देखणा दिसणे वेगळे आणि तो वर्षभर दावणीला पोसणे वेगळे. कोळपणीचे दिवस मोजके, चारा मात्र ३६५ दिवसांचा. शिवाय २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून थकलेल्या जोडीची विक्री करून नवी जोडी घेण्याची जुनी पद्धत अवघड झाली. ट्रॅक्टरने नांगरट व पेरणी उरकते. म्हणून दोन-तीन एकरवाला प्रथम बैल विकतो आणि मग जुलैमध्ये शेजाऱ्याच्या जोडीची वाट पाहतो.

ही वाट पाहणेच सर्वांत महाग पडते. काळ्या जमिनीत सलग पाऊस झाला, की वाफसा येईपर्यंत ना बैल शिरू शकतो ना माणूस. उघडीप मिळते ती चार-पाच दिवसांची, आणि त्याच दिवसांत साऱ्या गावाचे सोयाबीन, कापूस व मका खुरपणीला आलेले असतात. मजुरी तेव्हाच चढते. खुरपणी करणाऱ्या जवळपास सर्व स्त्रिया असतात आणि दिवसभर वाकून, चिखलात बसत-सरकत केलेल्या या कामाला पुरुषांच्या कामापेक्षा कमी दर देण्याची रीत गावोगाव आहे. रोजगार हमीवर स्त्री-पुरुषांना समान मजुरी मिळते. वरच्या हिशेबात तो दर धरण्याचे तेही एक कारण. कमी मजुरी गृहीत धरून मांडलेला सेंद्रिय शेतीचा नफा प्रत्यक्षात या स्त्रियांच्या खिशातून आलेला असतो.

जादा भाव मिळतो कोठे, हा पुढचा प्रश्न. मक्याचा मोठा ग्राहक कुक्कुटखाद्य, स्टार्च व इथेनॉल उद्योग आहे. तेथे दाण्याची ओल तपासली जाते. तो कोणत्या पद्धतीने पिकवला, याची चौकशी होत नाही. त्यातच राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार वार्षिक पिकांना सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा रूपांतरण काळ असतो. या काळात खुरपणीचा खर्च सेंद्रिय शेतीचा आणि भाव साध्या मालाचा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या परंपरागत कृषी विकास योजनेत गटांना तीन वर्षे अर्थसाह्य मिळते, पण त्यात निविष्ठांना जेवढे महत्त्व आहे तेवढे मजुरीला नाही.

तरीही काही उपाय खर्च कमी करतात. पहिल्या पावसानंतर पेरणीची घाई न करता उगवलेले तण वखराच्या पाळीने मोडून मग पेरले, तर पहिली लाट वाया जाते. मात्र मृगाचा पाऊस लांबला तर एवढी उसंत मिळत नाही. मक्याच्या दोन ओळींत उडीद किंवा चवळी पेरली, की जमीन लवकर झाकते. अॅट्राझीन फवारलेल्या रानात ही द्विदल पिके टिकत नाहीत, त्यामुळे आंतरपिकाचे उत्पन्न ही सेंद्रिय शेतकऱ्याची खरी जमेची बाजू आहे. उडीद असताना कोळपे फिरवण्यास जागा अपुरी पडते, हे त्यातले उणे. निघालेला केना व हराळी जनावरांपुढे जाते. घोळ आणि तांदुळजा बायकांच्या ओट्यातून स्वयंपाकघरात पोहोचतात.

गाजर गवताला मात्र जनावर तोंड लावत नाही. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण आज कंधारच्या प्रत्येक रस्त्याकडेला उभे आहे. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात, म्हणून ते फुलोऱ्यापूर्वीच उपटावे लागते. १९८४ मध्ये मेक्सिकोतून बंगळूरला आणलेले भुंगे पावसाळ्यात त्याची पाने फस्त करतात, पण त्यांचा भरवसा पावसावर. स्वतःचे रान दोनदा खुरपून काढलेल्या शेतकऱ्याच्या वावरात पुढच्या वर्षी येणारे बी पुष्कळदा शेजारच्या पडीक तुकड्यातून आलेले असते, आणि तो बांध साफ करण्याचे दोन रोज कोणाच्याही वहीत लिहिलेले नसतात.