पुल-ऑफ म्हणजे काय? गिटारच्या एकाच तारेवर त्याचा सराव कसा करावा?

उजव्या हाताने तार एकदाच छेडून डाव्या हाताच्या बोटांनी दोन स्वर वाजवण्याच्या तंत्राला ‘पुल-ऑफ’ म्हणतात. यात दुसरा स्वर नेहमी पहिल्यापेक्षा खालचा असतो. सतारीवर हेच काम ‘कृंतन’ या नावाने ओळखले जाते. सांगली जिल्ह्यातील मिरजेत बनणाऱ्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या सतारीवरही बरीचशी सुरावट बाजाच्या एकाच तारेवर वाजते. म्हणून एका तारेवरचा सराव आपल्याकडे नवा नाही.

आवाज कसा येतो?

सातव्या फ्रेटवर अनामिका आणि त्याच वेळी पाचव्या फ्रेटवर तर्जनी ठेवा. तार छेडा. आता अनामिका सरळ वर उचलू नका, तर जमिनीच्या दिशेने किंचित ओढून सोडा. ओढणारे बोट तार पुन्हा छेडते आणि तर्जनीखालचा स्वर वाजतो. बोट नुसते उचलले तर दुसरा स्वर जेमतेम ऐकू येतो. नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक हीच.

भूप रागाचे स्वर, एकच तार

सरावासाठी पहिली, म्हणजे सर्वांत बारीक तार घ्या. तिच्याखाली दुसरी तार नसल्याने ओढलेले बोट कशालाही लागत नाही. मोकळी तार हार्मोनियमच्या पांढरी तीनला मिळते. तिला सा धरा. मग भूपाचे स्वर असे येतात: रे २, ग ४, प ७, ध ९ आणि तार सा १२ व्या फ्रेटवर.

वरून खाली या जोड्या वाजवा:

- १२ वरून ९ (सां–ध): करंगळी आणि तर्जनी
- ९ वरून ७ (ध–प): अनामिका आणि तर्जनी
- ७ वरून ४ (प–ग): करंगळी आणि तर्जनी
- ४ वरून २ (ग–रे): अनामिका आणि तर्जनी
- २ वरून मोकळी तार (रे–सा): तर्जनी

सुरुवात १२ पासून करण्याला कारण आहे. सुमारे ६५ सेंमी लांबीच्या तारेवर १२ ते ९ हे अंतर साधारण ६ सेंमी, तर ७ ते ४ हे ८ सेंमी भरते. फ्रेट तीनच असले तरी ताण वाढतो. मेट्रोनोम ६० वर ठेवून प्रत्येक ठोक्याला एक स्वर घ्या. दोन्ही स्वर सारख्याच जोराचे येईपर्यंत लय वाढवू नका.

चूक कशी ओळखावी?

दुसरा स्वर चढा लागला तर ओढताना तर्जनीखालची तारही सरकते आहे. तर्जनी घट्ट ठेवा आणि ओढ कमी करा. तार फिंगरबोर्डच्या कडेवरून निसटत असेल तरी उपाय हाच. बोटांची टोके थोडी हुळहुळणे साहजिक आहे, पण मनगट दुखू लागल्यास लगेच थांबा.

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात राहणाऱ्याला दर आठवड्याला गिटारच्या शिक्षकाकडे जाणे जमेलच असे नाही. अशा वेळी ओळखीच्या स्वरांवर केलेला सराव कामी येतो. भूप कानात बसलेला असेल, तर चुकलेला स्वर दाखवायला दुसऱ्या कोणाची गरज पडत नाही.