निघंटूंतील नांवें व वनवासीयांची साक्ष

वैद्यकीय पोथ्यांचा संग्रह करणारांस एक अडचण वारंवार येते. पाठ शुद्ध ठरतो, नांवाची व्युत्पत्तिही लागते. तरी वनस्पति कोणती तें कळत नाहीं. ‘रास्ना’ या एकाच नांवानें बंगालांत झाडांवर वाढणारी आमरी, दक्षिणेंत कुलिंजन व उत्तरेंत तिसरीच वनस्पति घेतात. केवळ पाठभेद ताडून हा वाद मिटावयाचा नाहीं.

प्राचीनांस ही मर्यादा ठाऊक होती. शेळ्या, मेंढ्या व गाई राखणारे आणि इतर वनवासी लोक औषधी नामरूपानें जाणतात, असें चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत पहिल्याच अध्यायांत सांगितलें आहे. नामरूप जाणल्यानें प्रयोग कळतोच असें नाहीं, हेंही तेथेंच म्हटलें आहे. सुश्रुतही गुराखी, तापस व व्याध यांस विचारावयास सांगतो. राजनिघंटुकार नरहरीनें नांवें पडण्याचीं जीं सात कारणें दिलीं, त्यांत ‘देश्योक्ति’ हें एक आहे. परंतु ज्यांनीं वनस्पति दाखविल्या, त्यांचीं नांवें आमच्या निघंटूंत आलीं नाहींत. याउलट १६७८ ते १६९३ या काळांत अँस्टर्डॅम येथें बारा खंडांत निघालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथांत इट्टि अच्युतन् वैद्य, तसेच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघां कोंकणी ब्राह्मणांचीं प्रमाणपत्रें छापलेलीं आहेत.

या विद्येस ‘एथ्नोबॉटनी’ हें नांव हार्शबर्गर यांनीं १८९५ सालीं फिलाडेल्फिया येथें दिलें. भारतांत जानकी अम्मल यांनीं तिकडे लक्ष वेधलें, व १९६० च्या सुमारास सु. कु. जैन यांनीं मध्य भारतांतील आदिवासींमध्यें प्रत्यक्ष हिंडून तिचा पाया घातला.

आमच्या प्रांतीं या कार्यास नंदुरबारसारखें दुसरें क्षेत्र क्वचितच आढळेल. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांत अक्राणी व अक्कलकुवा हे सातपुड्याचे तालुके असून भिल्ल, पावरा, मावची आदि लोकांची तेथें वस्ती आहे. डी. ए. पाटील यांचा धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवरील ग्रंथ २००३ सालीं निघाला. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वयें गांवोगांव नोंदवह्या करावयाच्या आहेत, त्यांचाही उपयोग व्हावा.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, निघंटु संपादितांना तळटीपेंत पाठभेदांबरोबर भिल्ली व पावरी नांवें, गांव आणि संमति असल्यास सांगणाराचेंही नांव द्यावें. पोथी जळाली तरी तिची प्रत अन्यत्र सांपडूं शकते. एखाद्या वृद्ध पावऱ्याबरोबर गेलेल्या नांवाची दुसरी प्रत कोठेंही नसते.