रोव्हर्स चषक आणि हैदराबादचे पोलीस



फुटबॉलवर व्याख्यान द्यावयाचे ठरले आहे असे आम्ही घरी सांगितले, तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा की, युनियनच्या माणसाचा चेंडूशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही स्वतः कधी धड खेळलो नाही. आमच्या हिमायतनगरात कबड्डी आहे, परमेश्वराच्या यात्रेतल्या कुस्त्या आहेत, आणि आता गल्लोगल्ली क्रिकेट आहे; फुटबॉलचे खांब मात्र आम्हांला या गावात कधी दिसले नाहीत. शिक्षणही आमचे सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा जे वाचले आणि जे चळवळीत पाहिले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

निमित्त असे घडले. आमच्या शेजारच्या एका तरुणाने ‘सुपर कप’चा विषय काढला. राष्ट्रीय महासंघाने जुना फेडरेशन चषक बंद करून २०१८ साली सुपर कप सुरू केला. भुवनेश्वरला पहिल्या अंतिम सामन्यात बंगळुरूने ईस्ट बंगालला ४-१ ने हरविले, आणि दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०१९ साली, गोव्याचा संघ विजयी झाला. या तरुणाची समजूत अशी की, देशातील बाद पद्धतीची मोठी स्पर्धा तेथूनच सुरू होते. आम्ही त्याला म्हणालो, “बाबा रे, मुंबईत एक चषक शंभर वर्षांहून अधिक काळ खेळला गेला, आणि तो सलग पाच वर्षे आपल्या राजधानीने जिंकला होता.” तो म्हणाला, “आपली राजधानी तर मुंबईच!” त्याचे चुकले नव्हते. पण त्या वेळची आपली राजधानी हैदराबाद होती, हे त्याला समजावून सांगता सांगता रात्र झाली.

या चषकाचे नाव रोव्हर्स. आपल्या देशात हा खेळ गोऱ्या पलटणींबरोबर आला. सिमल्याला ड्युरँड चषक १८८८ साली सुरू झाला, मुंबईत रोव्हर्स १८९१ साली, कलकत्त्यात आय. एफ. ए. शील्ड १८९३ साली. पहिला रोव्हर्स चषक वूस्टरशायर रेजिमेंटने नेला आणि नंतर कित्येक दशके विजेत्यांच्या यादीत पलटणींचीच नावे लागत गेली. सामने पुढे कूपरेजच्या मैदानावर होऊ लागले. कूपर म्हणजे लाकडी पिंपे बांधणारा कारागीर. त्या कारागिरांच्या कारखान्यावरून जागेला नाव पडले. मैदान प्रसिद्ध झाले, पिंपे बांधणारे विसरले गेले. आम्हां युनियनवाल्यांना असल्या गोष्टी चटकन दिसतात, त्याबद्दल क्षमा असावी.

कलकत्त्यात १९११ साली मोहन बागानच्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरविले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत तो दिवस उजाडायला आणखी सव्वीस वर्षे लागली. १९२३ साली मोहन बागान रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्याला ४-१ असे लोळविले. शेवटी १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने चषक जिंकला. रोव्हर्स जिंकणारा तो पहिला हिंदी संघ. १९४० साली कलकत्त्याचा महमेडन स्पोर्टिंग जिंकला. गोऱ्या शिपायाला खेळण्यासाठी वेगळा पगार नव्हता. त्याची चाकरी हाच त्याचा पगार. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा येणार आहे.

आता आपण आपल्या मुलखाकडे येऊ. १९५०, १९५१, १९५२, १९५३ आणि १९५४ अशी ओळीने पाच वर्षे रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलीस या संघाने जिंकला. १९५० साली ड्युरँड चषकही त्यांनीच नेला. मुंबईकर प्रेक्षक या पोलिसांचा खेळ पाहावयास गर्दी करीत.

पण हैदराबादचे पोलीस म्हटले की मराठवाड्यातील माणसाच्या मनात निराळेच काही येते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. म्हणजे पहिल्या विजयाच्या अवघी दोन वर्षे आधी. त्यापूर्वीच्या वर्षात रझाकारांनी खेड्यापाड्यांत काय केले, आणि निजामी पोलीस त्या वेळी कोणाच्या बाजूने उभे होते, हे या सभागृहातील म्हाताऱ्या माणसांना आम्ही सांगावयास नको. कासिम रझवी हा तर लातूरचाच वकील. आमचे वडील त्या वेळी तेरा वर्षांचे होते. खाकी कपडे येताना दिसले की आजी पोरांना घेऊन ज्वारीच्या पिकात शिरत असे. वडील पुढे नांदेडला गिरणीत साच्यावर लागले, तरी रस्त्यात शिपाई दिसला की ते पलीकडच्या बाजूने चालत. ती सवय त्यांची शेवटपर्यंत गेली नाही.

आम्ही वाचनालयात या पाच चषकांची हकीकत प्रथम वाचली, आणि मोठ्या उत्साहाने घरी येऊन वडिलांना सांगितली. ते ऐकून घेऊन म्हणाले, “खेळले असतील. त्या खाकीला आपल्या गावात मात्र कुणी टाळी दिली नसती.” आम्ही गप्प बसलो. आजही त्यांना खोडून काढण्याची आमची इच्छा नाही. कोणत्या शिपायाने १९४८ साली काय केले हे चेंडूवरून कळत नाही, आणि जे कळत नाही त्याबद्दल निकाल देऊ नये. मात्र हा संघ ज्याने घडविला तो माणूस शिपाई नव्हता. तो शाळामास्तर होता. त्याच्याविषयी दोन शब्द अधिक बोलणे भाग आहे.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ सालचा. हैदराबादच्या शाळांतून त्यांनी मुले शिकविली, आणि १९४३ पासून मरेपर्यंत ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस होते. त्या काळी आपल्याकडे चेंडू मिळाला की एकट्यानेच चार जणांना चकवीत पुढे जाणे याला खेळ म्हणत. रहीमसाहेबांनी उलटे शिकविले. चेंडू पायात रेंगाळू द्यायचा नाही. आला की दुसऱ्याकडे. पोरांचा डावा पाय कच्चा राहू नये म्हणून ते असे सामने भरवीत की, ज्याचा जो पाय कमजोर त्यानेच मारायचे. हे काम पैशाचे नाही, चिकाटीचे आहे. युनियनची शाखा बांधतानाही आम्हांला हेच करावे लागते. जो बोलतो त्यालाच रोज बोलू दिले की बाकीचे मुके राहतात.

सिकंदराबादचा तुळशीदास बलराम हा गरीब घरचा पोरगा. हैदराबादला सरावाला यावयाचे तर भाड्याच्या सायकलीला पैसे नव्हते. रहीमसाहेबांनी त्यासाठी रोजचा एक रुपया दिला, असे बलराम यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. बलराम २०२३ साली वारले. देशाच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंत त्यांची गणना होते.

रहीमसाहेब राष्ट्रीय संघाचेही शिक्षक झाले. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई सामन्यांत इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक मिळाले, आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडविला. आपले काही खेळाडू त्या थंडीत अनवाणी होते. या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. रहीमसाहेबांनी मात्र पराभवाचा दोष पायांवर ढकलून हात झटकले नाहीत. युरोपातल्या संघांची रचना पाहून आपल्या संघाची रचना बदलली.

मग १९५६ साल उजाडले. त्या वर्षीची एक तारीख आपणा सर्वांच्या सातबाऱ्याला लागून आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरविले. चारांपैकी तीन गोल मारले ते टाटांच्या संघातून खेळणाऱ्या, मूळ गोव्याच्या मुंबईकर नेव्हिल डिसूझाने. ऑलिंपिकमध्ये तीन गोल एका सामन्यात करणारा तो पहिला आशियाई. संघात नूर महंमद, अझीझ, बलराम, झुल्फिकार असे हैदराबादचे खेळाडू होते आणि शिक्षक रहीमसाहेब. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. म्हणजे पाहा, आपण रहीमांच्या राज्यातून निघून नेव्हिलच्या राज्यात आलो आणि महिन्याच्या आत दोघे मिळून जिंकले. वडिलांना आम्ही ही तारीख सांगितली तेव्हा मात्र ते हसले.

१९६२ साली जाकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून रहीमसाहेबांनी दुसरे आशियाई सुवर्ण मिळविले. तेव्हा त्यांना कर्करोगाने ग्रासले होते. जून १९६३ मध्ये ते गेले. पोलिसांचा संघ पुढे आंध्र पोलीस या नावाने आणखी काही वर्षे चमकला आणि मग उतरणीला लागला.

इकडे मुंबईत चषकाचे मालक बदलत होते. १९५८ साली कॅलटेक्स ही तेलाची कंपनी जिंकली. १९६५ साली मफतलाल, म्हणजे गिरणी. १९७४ साली गोव्याचा डेम्पो, म्हणजे खाणवाला. १९७७ साली पहिला फेडरेशन चषक निघाला तोही बंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या कामगारांनी जिंकला. पलटणीच्या जागी पोलीस, पोलिसांच्या जागी कंपनी. खेळाडू मात्र सगळीकडे चाकरमानीच. हजेरीपटावर नाव आणि पायात चेंडू. या पद्धतीची आज थट्टा होते. आम्ही ती करणार नाही. खेळ संपल्यावर या माणसांना नोकरी राहत असे, आणि पोरांच्या शाळेची फी भरता येत असे.

तिच्यात खोट होती हेही खरे. ती आम्ही जवळून पाहिली. तरुणपणी काही वर्षे आम्ही मुंबईत एका युनियनच्या कचेरीत काम करीत होतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप तेव्हा इतिहासजमा झाला होता आणि गिरण्यांची धुराडी एकेक करून थंड होत होती. एके दिवशी पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ आला. एका गिरणीच्या संघातून तो वर्षानुवर्षे खेळला होता, रोव्हर्समध्येही. गिरणी बंद पडली आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब निघाला, तेव्हा कचेरीने सांगितले की, तुम्ही बदली कामगार. बऱ्याच वर्षांत तुमचे २४० दिवस भरत नाहीत. का भरत नाहीत? तर सराव आणि सामन्यांचे दिवस साच्यावर हजेरी नाही म्हणून! ज्या दिवसांत त्याने गिरणीचे नाव वर्तमानपत्रांत आणले, तेच दिवस गैरहजेरीत गेले होते.

आम्ही अर्ज केला. पुरावा म्हणून त्याने पत्र्याच्या पेटीतून संघाची छायाचित्रे आणली, वर्तमानपत्रांची पिवळी पडलेली कात्रणे आणली. मागल्या रांगेत गिरणीचे मॅनेजर उभे, पुढच्या रांगेत हा. अधिकाऱ्यासमोर आम्ही एकच मुद्दा मांडला: मैदानावर त्याला पाठविले कोणी? गिरणीच्या वकिलांनी पुष्कळ टाळाटाळ केली. अखेर तडजोड झाली आणि एकोणीसपैकी तेरा वर्षे धरली गेली.

रोव्हर्स चषक शेवटचा खेळला गेला तो २०००-०१ च्या हंगामात. राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २०१० साली मालकांनी बंद केला. आजचा सुपर कप करारावर घेतलेले खेळाडू खेळतात. करार संपला की संबंध संपला. त्या तरुणाने आम्हांला विचारले, “मग यांना ग्रॅच्युइटी कोण देणार?” आम्ही त्याला युनियनच्या कचेरीत येऊन कायद्याचे पुस्तक वाचायला सांगितले आहे. तो दर रविवारी येतो. सायकल त्याची स्वतःचीच आहे.

त्या गृहस्थाने पैसे हातात पडल्यावर कात्रणे परत मागितली. छायाचित्र मात्र अधिकाऱ्याच्या कागदपत्रांत राहिले, ते काही मिळाले नाही.