जमिनीवरच्या रेघा

पुण्यातले एक काका. कंपवाताने सपाट जमिनीवर वॉकरशिवाय चालणे अवघड झालेले, पण जिना मात्र ते सहज उतरत. डेल्फ्टमध्ये डिझाइन शिकलेल्या त्यांच्या पुतणीने, मिलेहा सोनेजी यांनी, हे हेरले आणि घरातल्या जमिनीवर चक्क जिन्याचे चित्र चिकटवले. काका त्यावरून पायऱ्या असल्यासारखे चालत गेले. 2015 मध्ये सोनेजी यांनी हे एका व्याख्यानात सांगितले, तेव्हा अनेकांना तो चमत्कार वाटला.

चमत्कार जुनाच आहे. 1817 मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सनने या आजारावर निबंध लिहिला तो अवघ्या सहा रुग्णांवरून, त्यातले काही तर नुसते रस्त्यावर पाहिलेले. पाय जमिनीला खिळलेला माणूस नेमका कशाने सुटतो, हे बारकाईने तपासले ते दीडशे वर्षांनी. जेम्स पर्डन मार्टिन या डॉक्टरने लंडनच्या हायलँड्स रुग्णालयात रुग्णांपुढे जमिनीवर रेघा आखल्या. आडव्या रेघा दिसल्या की पाऊल उचलले जाई. चालण्याच्या दिशेने ओढलेल्या उभ्या रेघांचा काही उपयोग नाही! मेंदूतले डोपामिन घटले की आपोआप चालण्याची सवय मोडते. समोर ओलांडायला काही दिसले, तर डोळ्यांच्या आधाराने मेंदू दुसरी वाट धरतो, असे मानले जाते.

पण रेघा घराबाहेर न्यायच्या कशा?

1990 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका पावलांच्या डॉक्टरने, जो स्वतःच रुग्ण होता, आधी जमिनीवर पत्ते मांडून पाहिले. मग सिअ‍ॅटलच्या विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर त्याने रेघा दाखवणाऱ्या चष्म्याचे प्रयोग केले. इस्रायलच्या टेक्निऑनमधले योराम बराम वेगळ्याच वाटेने इथे आले. नासासाठी ते हेलिकॉप्टर-वैमानिकांच्या दृष्टीचा अभ्यास करत होते. 2002 मध्ये त्यांनी रुग्णांच्या डोळ्यांपुढे आभासी फरशी अंथरली. रुग्ण थांबला की फरशीही थांबे. खरी युक्ती यातच होती, कारण फरशी सरकवायला पाऊल टाकणे भाग पडे.

पुढे 'व्ही-टाइम' या पाच देशांतल्या चाचणीत 302 वृद्ध सहभागी झाले, त्यांत कंपवाताचे रुग्णही होते. यात डोळ्यांवर चष्मा नव्हताच. ट्रेडमिलपुढच्या पडद्यावर स्वतःची पावले दिसत आणि वाटेत अडथळे येत. सहा आठवड्यांच्या सरावानंतर सहा महिन्यांतल्या पडण्याचे सरासरी प्रमाण 11.9 वरून 6 वर आले. नुसत्या ट्रेडमिलवर चाललेल्यांमध्ये ते 10.7 वरून 8.3 इतकेच उतरले.